संगणक सुरू होत नाही, म्हणजे नेमके काय होत नाही?

सोनगीर हे धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. धुळ्यापासून साधारण वीस किलोमीटर. किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी या दोन गोष्टींसाठी खानदेशात त्याचे नाव आहे. एका पावसाळ्यात शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी आम्ही तिथल्या एका शाळेत गेलो होतो. विषय होता प्रकाशाचे अपवर्तन. प्रत्यक्षात दिवसाचा बराच भाग एका संगणकासमोर गेला.

झाले होते असे. शुक्रवारी संध्याकाळी संगणक बंद करताना 'अपडेट अँड शट डाऊन' असा पर्याय दिसला आणि तो दाबून मॅडम घरी गेल्या. थोड्याच वेळात गावातली वीज गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच कामातून गेलेली होती. खोका मात्र जागेवर होता. सोमवारी संगणक सुरू केला तर पडद्यावर गोल फिरणारे ठिपके, मग 'अनडूइंग चेंजेस मेड टू युवर कॉम्प्युटर' असा संदेश, मग आपोआप बंद, पुन्हा सुरू, पुन्हा तेच ठिपके. दोन दिवस हाच खेळ चालू होता. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केले, "फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट करायला हरकत नव्हती. पण त्या संगणकात नववीच्या मुलांनी वर्षभर जमवलेले काम होते. गावातल्या तांबट कारागिरांकडे जाऊन मुलांनी भांडे घडवण्याच्या पायऱ्यांचे फोटो काढले होते, हत्यारांची नावे लिहून घेतली होती, त्यांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण केले होते. त्यातले एक आजोबा दरम्यान वारले. त्यांच्या आवाजाची दुसरी प्रत कुठेही नव्हती. शिवाय दहावीचे अंतर्गत गुण आणि गेल्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका.

"सर, कॉम्प्युटर मरी गया," दारात उभ्या असलेल्या एका मुलाने आम्हांला सांगितले.

मेला म्हणजे काय झाले, हा प्रश्न आम्हांला विज्ञानाच्या तासाला शोभण्यासारखा वाटला. शाळेच्या संगणकाची अशी अवस्था आता कोणत्याही गावात होऊ शकते. म्हणून त्या दिवशी जे पाहिले, केले आणि चुकलो ते इथे सविस्तर मांडत आहोत.

डिस्कवर काय काय असते?

पहिली गोष्ट म्हणजे 'संगणकातली माहिती' आणि 'संगणक चालवणारी प्रणाली' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही एकाच डिस्कवर राहतात, त्यामुळे आपली गल्लत होते. विंडोज प्रणाली असलेल्या संगणकाची सी ड्राइव्ह उघडली की 'विंडोज' नावाचे एक फोल्डर दिसते आणि 'युजर्स' नावाचे दुसरे. पहिल्यात प्रणालीच्या हजारो फाइली असतात. दुसऱ्यात तुमची कागदपत्रे, फोटो, डाऊनलोड केलेल्या वस्तू असतात. पडद्यावर आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो, तोही या युजर्समधल्याच एका फोल्डराचा देखावा आहे. अपडेट येते तेव्हा बदल होतो तो मुख्यतः पहिल्या फोल्डरात. म्हणजे अपडेट अर्धवट राहिले तर बिघडते ती प्रणाली. आजोबांचा आवाज शेजारच्या फोल्डरात बहुधा जसाच्या तसा असतो. फक्त तिथवर पोचवणारी वाट मोडलेली असते.

फॉरमॅट केल्यावर मात्र दोन्ही जाते. हे आम्ही सांगत होतो तेव्हा एका मुलाने फार नेमके सांगितले. त्याच्या घरी हा धंदा आहे. तो म्हणाला, "कळशी गळते म्हणून कोणी आणली, तर बाबा आधी पाणी भरून पाहतात कुठे ओल येते ते. लगेच मोडीत नाही घालत." आमचे पुढचे काम तेच होते. पाणी भरून पाहायचे.

सुरू होण्याच्या पायऱ्या

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत संगणकात एकामागून एक बऱ्याच गोष्टी घडतात. शाळा सकाळी कशी उघडते ते आठवा. शिपाई फाटक उघडतो. त्याला वेळापत्रक माहीत नसते, पण ऑफिसची किल्ली कोणाला द्यायची ते माहीत असते. ऑफिस उघडले की वर्गांच्या किल्ल्या मिळतात, वर्ग उघडले की शिक्षक येतात, मग तास सुरू होतो. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्याला जागे करण्यापुरते ज्ञान पुरते.

संगणकातला शिपाई म्हणजे मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये कायमचा साठवलेला कार्यक्रम. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, आता यूईएफआय म्हणतात. वीज मिळताच प्रोसेसर सर्वांत आधी हाच कार्यक्रम चालवतो. तो स्मृती, कीबोर्ड, डिस्क जागेवर आहेत ना ते तपासतो, पडद्यावर कंपनीचे चिन्ह दाखवतो आणि डिस्कवरच्या ठरावीक जागी असलेला एक लहान कार्यक्रम शोधतो. या लहान कार्यक्रमाला बूटलोडर म्हणतात. बूटलोडर प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, डिस्कवरून स्मृतीत आणतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. कर्नेल मग ड्रायव्हर जागे करतो. पडदा, डिस्क, नेटवर्क यांच्याशी बोलणारे हे दुभाषे. त्यानंतर निरनिराळ्या सेवा सुरू होतात आणि शेवटी तुमचे नाव विचारणारा पडदा येतो.

('बूट' हा शब्द कुठून आला असे मुले हमखास विचारतात. स्वतःच्याच बुटांच्या नाड्या धरून स्वतःला वर उचलण्याच्या अशक्य करामतीवरून तो आला. प्रणाली स्मृतीत आणायला कार्यक्रम हवा आणि कार्यक्रम चालवायला प्रणाली हवी, असा तो पेच होता.)

आता ओल कुठे येते ते पाहता येईल. बटण दाबले आणि पंखाही फिरला नाही, तर दोष विजेचा. पंखा फिरला पण पडद्यावर काहीच उमटले नाही, तर स्मृतीची पट्टी, पडद्याची वायर असे काहीतरी. कंपनीचे चिन्ह आले आणि त्यानंतर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असे शब्द आले, तर डिस्क किंवा बूटलोडर. गोल ठिपके फिरू लागले याचा अर्थ बूटलोडरने आपले काम केले आणि विंडोज स्मृतीत येऊ लागली. म्हणजे वीज, स्मृती, पडदा ठीक. डिस्कही वाचली जात आहे. बिघाड शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांत आहे.

सोनगीरचा संगणक या शेवटच्या गटातला होता. यंत्र धडधाकट होते. अडचण फाइलींच्या मांडणीत होती. मॅडमना ऐकून बराच धीर आला. आम्हांला अजून तेवढी खात्री नव्हती, पण ते आम्ही बोललो नाही.

अर्धे अपडेट इतके वाईट का?

यासाठी वर्गात एक खेळ करून पाहा. साहित्य लागत नाही, फळा पुरतो.

नववी अ आणि नववी ब या दोन तुकड्यांचे आठवड्याचे वेळापत्रक फळ्यावर लिहा. एका कागदावर दहा-बारा बदल लिहून आणा: गणिताचा सोमवारचा तिसरा तास पाचवा करा, विज्ञान तिसऱ्यावर आणा, वगैरे. पूर्ण बदल झाल्यावर नवे वेळापत्रक बिनचूक असले पाहिजे, हे आधी घरी तपासून ठेवा. एका मुलाला एकेक बदल फळ्यावर करायला सांगा. साधारण सहावा बदल झाला की टाळी वाजवून त्याला थांबवा. आता वर्गाला विचारा, हे वेळापत्रक चालेल का?

दहातले सहा बदल झाले म्हणजे साठ टक्के तरी नवे वेळापत्रक मिळाले, असे मुलांना आधी वाटते. मग कोणाच्या तरी लक्षात येते की गणिताच्या सरांना सोमवारी पाचव्या तासाला एकाच वेळी दोन्ही तुकड्यांवर जायचे आहे. ही गडबड जुन्या वेळापत्रकात नव्हती आणि नव्यातही असणार नव्हती. ती फक्त मधल्या अवस्थेत आहे. अपडेटचे असेच होते. नवी फाइल अ ही नव्या फाइल ब च्या भरवशावर लिहिलेली असते. अ बदलली, ब बदलायची राहिली, की दोघींचे पटत नाही.

खेळाचा दुसरा डाव. आता मुलाला सांगा की फळ्यावर हात लावण्याआधी प्रत्येक बदल वहीत लिहायचा: या चौकटीत आधी काय होते आणि आता काय होणार. मग फळ्यावर बदल करायचा, आणि झाला की वहीत खूण करायची. पुन्हा मध्येच थांबवा. या वेळी दुसऱ्या मुलाला वही द्या. तो उरलेले बदल पुरे करू शकतो किंवा झालेले बदल उलटे करून जुने वेळापत्रक परत आणू शकतो.

व्यापारी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरायचा, मग खतावणीत खात्यावर चढवायचा. मध्येच कोणी उठून गेले तरी कीर्दीवरून खाते पुन्हा लावता येते. आजच्या फाइल-प्रणाल्या, विंडोजची एनटीएफएस किंवा लिनक्सची एक्स्ट-४, फाइलींच्या जागांचा हिशेब असाच रोजकीर्द लिहून ठेवतात. तिला त्या भाषेत जर्नल म्हणतात. 'अनडूइंग चेंजेस' हा संदेश म्हणजे विंडोज आपली वही उघडून झालेले बदल उलटे करत आहे. तो दिसला की घाईने बटण दाबून संगणक बंद करू नये. तासभर, जुन्या संगणकावर दोन तासही लागतात. मात्र उलटे करण्यासाठी लागणारीच एखादी फाइल अर्धवट लिहिली गेली असेल तर हे काम पुरे होत नाही, संगणक पुन्हा सुरू होतो, पुन्हा वही उघडतो आणि तिथेच अडखळतो. सोनगीरला दिसत होते ते चक्र हे.

तिसरा डाव मुलांना सर्वांत आवडला. दुसरा फळा घ्या. जुने वेळापत्रक पहिल्या फळ्यावर तसेच राहू द्या. नवे पूर्णपणे दुसऱ्यावर लिहा, तपासा, आणि मग फक्त 'आजपासून हा फळा पाहावा' अशी पाटी हलवा. मध्ये काहीही झाले तरी चालू असलेल्या वेळापत्रकाला धक्का नाही. बदल एका क्षणात होतो: पाटी इकडे तरी असते नाहीतर तिकडे. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, बऱ्याच मोबाइल फोनांमध्ये ही पद्धत आली. प्रणालीच्या दोन जागा असतात. तुम्ही एकीवर काम करत असता तेव्हा दुसरीवर नवी आवृत्ती लिहिली जाते. ती नीट सुरू झाली नाही तर फोन जुन्या जागेवर परत येतो. किंमत एवढीच की जागा जास्त लागते. दुसरा फळाही फुकट मिळत नाही.

विजेचा थोडा हिशेब इथेच करून टाकू. टेबलावरच्या संगणकातील वीजपुरवठ्याच्या डब्यात मोठे धारित्र, म्हणजे कपॅसिटर, असतात. बाहेरची वीज गेल्यावर त्यातला साठा संगणकाला पूर्ण भारावर सुमारे १६-१७ मिलिसेकंद धरून ठेवतो. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे एक आवर्तनभरसुद्धा आधार नाही. दिवा नुसता लुकलुकला तरी संगणक बंद पडतो तो यामुळे. यूपीएस या अवधीच्या आत बॅटरीवर जातो. बॅटरी मेलेली असेल तर तो केवळ एक वजनदार प्लग आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हे त्याचे मोठे सुख.

आम्ही काय केले, आणि काय चुकलो

विंडोज १० आणि ११ मध्ये दुरुस्तीसाठी एक वेगळी छोटी प्रणाली डिस्कवर बाजूला ठेवलेली असते. लागोपाठ दोनदा सुरू होणे फसले की तिसऱ्या वेळी ती आपोआप पुढे येते आणि निळ्या पडद्यावर पर्याय दाखवते. न आली तर ठिपके दिसत असताना बटण दाबून धरून संगणक बंद करायचा, असे दोन-तीनदा केले की ती येते. अर्थात 'अनडूइंग' चालू असताना नव्हे. तिथे 'ट्रबलशूट' आणि मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' या वाटेने गेले की 'स्टार्टअप रिपेअर', 'अनइन्स्टॉल अपडेट्स', 'सिस्टिम रिस्टोअर' वगैरे दिसतात.

आम्ही उत्साहाने 'स्टार्टअप रिपेअर' दाबले. दुरुस्ती झाली नाही. पुन्हा दाबले. तिसऱ्यांदाही दाबले. ही आमची चूक. दुरुस्तीचा प्रत्येक प्रयत्न डिस्कवर काही ना काही लिहितो. डिस्क जुनी होती आणि आजोबांचा आवाज अजून त्याच एका डिस्कवर होता. प्रत बाहेर काढण्याआधी हत्यार चालवायला नको होते. मॅडमनीच विचारले, "सर, आधी फोटो निघणार नाहीत का?" निघणार होते.

त्यासाठी दुसऱ्या प्रणालीची मदत घ्यायची. लिनक्स ही प्रणाली पेनड्राइव्हवरूनही चालू शकते. उबुंटू किंवा मिंट यांपैकी कोणतीही चालेल. दोन्ही विनामूल्य आहेत. शाळेतल्या दुसऱ्या, चालू संगणकावर तिची फाइल उतरवून घेतली आणि रुफस नावाच्या छोट्या कार्यक्रमाने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली. (असे करताना पेनड्राइव्हवर आधीचे जे काही असेल ते पुसले जाते. रिकामा घ्यावा.) मग तो बिघडलेल्या संगणकाला लावून, सुरू होताना एफ १२ ही कळ दाबत राहिलो. काही यंत्रांत ती एफ ९ किंवा एस्केप असते. शिपायाने विचारले, आज कुठून सुरू करू? आम्ही पेनड्राइव्ह दाखवला.

पाच मिनिटांत पडद्यावर निराळाच डेस्कटॉप आला. खोलीत चांगलाच गलका झाला. मेलेले यंत्र दुसऱ्याच प्रणालीवर व्यवस्थित चालत होते, आणि बिघाड यंत्रात नाही हे आता सांगावे लागले नाही. एक इशारा द्यायला हवा: या डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल' असे एक चिन्ह असते. त्याला हात लावू नये. आपण पाहुणे म्हणून आलो आहोत. घर पाडून नवे बांधायला नव्हे.

डिस्क उघडली. विंडोज शेवटची नीट बंद झाली नव्हती, म्हणून लिनक्सने ती 'फक्त वाचण्यासाठी' उघडली. वाचणे पुरेसे होते, किंबहुना तेच हवे होते. युजर्समध्ये, त्यात मॅडमच्या नावाचे फोल्डर, त्यात डेस्कटॉप, त्यात 'तांबट प्रकल्प'. तीनेकशे फोटो, ध्वनिमुद्रणे, सगळे जागेवर. ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतले. एका मुलीने पहिले ध्वनिमुद्रण लगेच लावून पाहिले. मठारताना होणारा ठकठक आवाज आणि त्यामागे आजोबांचे बोलणे. नुसती फाइल दिसली म्हणजे ती शाबूत आहे असे नव्हे, उघडून पाहावी, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मग एक गोष्ट आठवली आणि बरे झाले. शाळेतल्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टमध्ये होत्या. अशा फाइलीत 'क' या अक्षराऐवजी एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते आणि तो फॉन्ट त्याला 'क' चे रूप देतो. फॉन्ट गेला की प्रश्नपत्रिका असूनही वाचता येत नाही. सगळी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. हे फॉन्ट युजर्समध्ये नसतात. ते विंडोज फोल्डराच्या आत 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरात असतात, म्हणजे जे फोल्डर जाण्याची भीती तिथेच. वर आम्ही केलेली सुबक विभागणी इथे मोडते. आम्ही ते फोल्डरही उचलले.

आजच्या नव्या लॅपटॉपवर मात्र ही युक्ती इतक्या सहज चालेलच असे नाही. बऱ्याच विंडोज ११ यंत्रांत डिस्क कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवलेली असते. या सोयीचे नाव बिटलॉकर. तिची ४८ अंकी किल्ली मागितली जाते. ती बहुधा पहिल्यांदा संगणक चालू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, आणि ते खाते कोणाच्या नावाने उघडले होते हे शाळेत कोणालाच आठवत नाही. मग डिस्क आणि फाइली शाबूत असूनही काही उपयोग नाही. हे ४८ अंक आजच कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा.

माहिती हातात आल्यावर आम्ही पुन्हा निळ्या पडद्याकडे गेलो आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडले. तिथे दोन पर्याय असतात: महिन्याचे नेहमीचे अपडेट काढणे आणि नवी मोठी आवृत्ती काढणे. आमच्याकडचे पहिल्या प्रकारचे होते. सुमारे चाळीस मिनिटे लागली. आता कोणी घाबरलेले नव्हते, म्हणून ती लवकर गेली. संगणक सुरू झाला.

हेही फसले असते तर 'रिसेट धिस पीसी' मधला 'कीप माय फाइल्स' हा पर्याय होता. त्यात तुमच्या फाइली राहतात, पण वेगळे बसवलेले कार्यक्रम जातात. आणि मोठी नवी आवृत्ती बसवल्यानंतर जुनी आवृत्ती साधारण दहा दिवस 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरात ठेवलेली असते, तोवर मागे फिरता येते. फॉरमॅटची पाळी या सगळ्यांनंतर.

जेव्हा एकाच सकाळी लाखो संगणक अडले

असा प्रसंग एका शाळेपुरताच असतो असे नाही. १९ जुलै २०२४ हा शुक्रवार होता. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा-कार्यक्रमासाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. ७८ मिनिटांनी चूक लक्षात येऊन ती मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांवर निळा पडदा आला होता. मुंबई-दिल्लीसह देशातल्या विमानतळांवर इंडिगो, अकासा अशा कंपन्यांची यंत्रणा अडली आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

हे विंडोजचे अपडेट नव्हते. पण हा सुरक्षा-कार्यक्रम कर्नेलच्या पायरीवर, ड्रायव्हरच्या रांगेत बसून काम करतो, म्हणून लक्षण तेच दिसले. कारण नंतर कंपनीनेच जाहीर केले आणि ते वर्गात सांगण्याजोगे आहे. नव्या फाइलीत २१ रकाने अपेक्षित होते. त्यांना माहिती पुरवणारा कार्यक्रम २० च पुरवत होता. एकविसावा रकाना वाचायला गेल्यावर कार्यक्रम स्मृतीच्या भलत्याच भागात शिरला. साधा कार्यक्रम अशा वेळी एकटा बंद पडतो. कर्नेलमध्ये असे घडले तर पुढचे नुकसान टाळण्यासाठी अख्खी प्रणाली थांबवली जाते.

उपाय काय होता? संगणक 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अत्यावश्यक ड्रायव्हरांनिशीच, सुरू करायचा आणि एक फाइल पुसायची. काम पाच मिनिटांचे. पण बहुतेक संगणक नेटला जोडले जाण्याआधीच पडत होते, त्यामुळे दुरून दुरुस्ती करता येत नव्हती. प्रत्येकासमोर माणूस बसावा लागला. बऱ्याच ठिकाणी तो ४८ अंकी किल्लीसाठी खोळंबला. सोनगीरच्या मॅडमना ही हकीकत ऐकून जरा बरे वाटले असावे.

"मग अपडेट बंदच करून टाकू ना!" एका मुलाची सूचना. तिचे उत्तरही महाराष्ट्रातलेच देता येते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या घातक कार्यक्रमामुळे न्हावा-शेवा इथल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. हा कार्यक्रम पसरण्यासाठी वापरत असलेल्या वाटांपैकी एक वाट विंडोजमधली एक फट होती, आणि ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेले होते. गंमत अशी की नॉटपेट्या मुळात पसरला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये लपून. म्हणजे अपडेटने घातही होतो आणि अपडेटअभावीही होतो. तो मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग लाइट असताना करायचे."

त्याने अर्धे उत्तर दिले होते. उरलेले अर्धे ऑक्टोबर २०१८ मध्ये दिसले. विंडोज १० च्या त्या वेळच्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या कागदपत्रांच्या फोल्डरातल्या फाइलीच पुसल्या, आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टला त्याचे वाटप थांबवावे लागले. अपडेट युजर्सला हात लावत नाही, हा आमचा सुरुवातीचा आधार त्या वेळी तुटला होता. दुसऱ्या प्रतीला पर्याय नाही तो याचसाठी.

सोनगीरच्या शाळेत आता 'तांबट प्रकल्प' तीन ठिकाणी आहे: संगणकात, कपाटातल्या पेनड्राइव्हवर आणि त्या कळशीवाल्या मुलाच्या घरच्या फोनमध्ये. यूपीएसला नवी बॅटरी आली. काढलेले अपडेट मॅडमनी पुढच्या आठवड्यात पुन्हा बसवले, सकाळच्या वेळी, समोर बसून. आमचा अपवर्तनाचा भाग त्या दिवशी चार वाजता, उरलेल्या पाऊण तासात झाला.